माल्टाच्या अरुंद गल्ल्यांत मस्टँग व्ही-८ : वर्षभराहून अधिक वापरानंतरचा अनुभव

भूमध्य समुद्रातल्या माल्टा बेटावरच्या नाश्शार गावाच्या जुन्या भागात रात्रभर उभ्या असलेल्या माझ्या फोर्ड मस्टँगचा उजवा आरसा गेल्या महिन्यात एका मालवाहू गाडीने जाता जाता फोडला आणि त्यानंतर दुरुस्तीवरून जो वाद झाला, त्यामुळे बरेच दिवस मनात असलेला हा अनुभव आता लिहीत आहे. गाडी २०१६ची, पाच लिटरची व्ही-८ (आठ सिलिंडरची), सहा गिअरची मॅन्युअल असून ब्रिटनमधून आलेली आहे. इंजिनाची ताकद, शून्य ते शंभरचे आकडे आणि उपकरणांची यादी वाचकांना पाठ असणार, म्हणून त्यात जागा घालवत नाही. मला मुख्यतः एकाच गोष्टीबद्दल लिहायचे आहे आणि ती म्हणजे या गाडीची रुंदी.

आरसे सोडून १.९२ मीटर आणि आरसे धरून २.०८ मीटर हा आकडा कागदावर वाचताना काहीच वाटत नाही. माल्टाचा सारा द्वीपसमूह मिळून ३१६ चौरस किलोमीटरचा आहे आणि इथल्या जुन्या गावांच्या गल्ल्या माणसे आणि गाढवगाड्या डोळ्यांसमोर ठेवून बांधलेल्या आहेत. पिवळसर चुनखडीच्या भिंती दोन्ही बाजूंनी थेट रस्त्यावर उतरतात, पदपथ असला तर वीतभर असतो, आणि वळणावर घराचा कोपरा अचानक पुढे आलेला असतो. ब्रिटिशांच्या दीडशे वर्षांहून अधिक काळच्या अमलामुळे इथे आपल्यासारखेच डावीकडून गाडी चालवतात. मस्टँगच्या पन्नास वर्षांच्या इतिहासात फोर्डने कारखान्यातूनच उजव्या बाजूचे स्टिअरिंग दिले ते याच पिढीपासून, आणि म्हणूनच अशी गाडी इथे घेण्याचा विचार मी करू शकलो. मात्र स्टिअरिंग उजवीकडे आले तरी गाडीचा देह अमेरिकेच्या प्रशस्त रस्त्यांना साजेसाच राहिला.

पहिल्या काही महिन्यांत माझे मत प्रतिकूल होते आणि ते तसेच नोंदवतो. घरापासून मी काम करतो त्या साफीजवळच्या विमान दुरुस्तीच्या कार्यशाळेपर्यंत जाताना गर्दीच्या वेळी ही गाडी लिटरला जेमतेम सहा किलोमीटर जाते. पेट्रोलचा दर सरकारने गेली काही वर्षे १.३४ युरोवर धरून ठेवला आहे एवढाच काय तो दिलासा, पण रस्त्यावरचा वार्षिक परवाना कर्बवायूच्या उत्सर्जनाशी जोडलेला असल्याने व्ही-८च्या मालकाला तिथे सवलत मिळत नाही. या बेटावर कमाल वेगमर्यादा ताशी ८० किलोमीटर आहे आणि त्या वेगाला सहाव्या गिअरमध्ये इंजिन मिनिटाला दीड हजार फेऱ्यांच्या आसपासच फिरत असते. नाशिकच्या घरात पै-पैचा हिशेब पाहत वाढलेल्या माणसाला ही उधळपट्टी सहन होणे कठीण होते. एकदा तर मी विक्रीची जाहिरातही लिहून ठेवली होती.

मत बदलले ते त्याच गल्ल्यांमध्ये. दोन गाड्या समोरासमोर आल्या की कुणीतरी मागे जायचे असते, आणि माझी गाडी रुंद असल्यामुळे मागे घ्यायची वेळ बहुधा माझ्यावर येते. मागचे चाक भिंतीपासून चार बोटांवर असते, लांबलचक बॉनेटचे टोक ड्रायव्हरला दिसत नाही, आणि अशा वेळी वरच्या रंगीत लाकडी बंद गॅलरीची खिडकी उघडते आणि एखादी आजी सूचना द्यायला लागते. प्रारंभी मला त्यातले अक्षरही कळत नसे. हळूहळू ध्यानात आले की उजवीकडचे ‘लेमीन’, डावीकडचे ‘शेल्लूग’ आणि मागचे ‘लूरा’ अरबीच्या घरातून आले आहेत, सरळ जाण्यासाठीचे ‘ड्रिट’ इटालियनच्या घरचे आहे, आणि गिअर, ब्रेक, क्लच हे सगळे इंग्रजीतून उतरलेले आहेत. अरबांनी ८७० साली हे बेट जिंकले, पुढे शेजारच्या इटलीतल्या सिसिली बेटाच्या अरबी बोलीतून इथली माल्टीज भाषा घडली, त्यानंतर शेकडो वर्षे सिसिलियन आणि इटालियनचा लोंढा तिच्यात येत राहिला. पुस्तकात हा इतिहास मी आधी वाचला होता, परंतु तो कानावर पडला तो गाडी मागे घेताना. सेमिटिक म्हणजे अरबी-हिब्रूच्या कुळातली असून लॅटिन लिपीत लिहिली जाणारी ही युरोपीय संघाची एकमेव अधिकृत भाषा आहे. १९३४ साली इटालियनचे अधिकृत स्थान गेले आणि इंग्रजीच्या जोडीने माल्टीज अधिकृत झाली. तरीही इटलीचा दूरदर्शन पाहून इटालियन शिकलेली एक पिढी इथे आहे आणि ती आजही वाक्याच्या मध्यावर सहज भाषा बदलते.

आता आरशाविषयी. काच शाबूत होती, मोटर चालू होती, तळाच्या दिव्याने जमिनीवर पडणारी घोड्याची आकृतीही उमटत होती. फक्त बाहेरचे कवच उभे चिरले होते आणि आतला टेकू तुटला होता. पहिल्या गॅरेजने (नाव देत नाही) पूर्ण आरसा मागवावा लागेल असे सांगून रंगकाम आणि मजुरी धरून साडेपाचशे युरोंचा अंदाज दिला, आणि उजव्या स्टिअरिंगचा भाग ब्रिटनमधून येणार असल्याने वर सहा आठवड्यांची मुदत मागितली. कवच सुटे मिळते हे मी त्यांना भागाच्या क्रमांकासह दाखवले, तेव्हा सुटे भाग बसवण्याची जबाबदारी आम्ही घेत नाही, असे उत्तर मिळाले. विमानाच्या दुरुस्तीत कोणता भाग बदलायचा आणि कोणता सांधायचा याचा निर्णय मोजमाप करून, नियमपुस्तिका उघडून घेतला जातो. हात न लावता अख्खा भाग बदला म्हणणे हा कामचुकारपणा आहे असे माझे ठाम मत आहे, आणि ते मी तिथे बोलूनही दाखवले.

शेवटी हाम्रून भागातल्या एका वयस्कर मेकॅनिकांकडे गेलो. त्यांनी आरसा उतरवून बाकावर ठेवला, चिरेच्या दोन्ही कडा आतून खरवडल्या, आणि तापवलेल्या नागमोडी पिना एकेक करून चिरेवर आडव्या रुतवल्या. प्लास्टिक वितळून पिनेभोवती घट्ट बसे आणि थंड झाल्यावर ते पिनेचे वर आलेले पाय पक्कडीने कापून टाकत. बाहेरून भरण, घासकाम, रंग, आणि सगळे मिळून साठ युरो. महिना उलटला, सिसिलीतल्या पोझ्झाल्लोला जाणाऱ्या बोटीवरचे हादरे सोसले, तरी चीर पुन्हा दिसलेली नाही. काम करताना ते एकेक पीन अरबी वळणाच्या अंकांत मोजत होते आणि हत्यारे मात्र इंग्रजी नावांनी मागत होते.

हे गृहस्थ तरुणपणी बसच्या कार्यशाळेत शिकाऊ होते, आणि त्यांच्याकडून जे ऐकले ते मला या गाडीमुळे मिळालेले सर्वांत मोठे धन वाटते. २०११च्या जुलैपर्यंत माल्टात धावणाऱ्या जुन्या बसगाड्या बहुतांश चालकांच्या स्वतःच्या मालकीच्या असत, आणि त्यांतल्या कित्येकांच्या तळाशी डॉज, रिओ, फोर्ड अशा अमेरिकन नावांच्या चासी, म्हणजे सांगाडे, होत्या. त्यांवर पत्र्याचा देह इथल्याच कारागिरांनी चढवलेला असे, क्रोमच्या पट्ट्या, हाताने रंगवलेली नक्षी आणि चालकाच्या डोक्यावर संतांची तसबीर. ट्रकसाठी घडलेली चासी या बेटाच्या हातांत आली की तिचे रूपच पालटत असे. मेकॅनिकांनी मस्टँगच्या बॉनेटखाली पाहून पहिला प्रश्न विचारला तो ताकदीचा नव्हता. या इंजिनाला हात घालायला जागा किती ठेवली आहे, असे त्यांनी विचारले, आणि स्वतः वाकून पाहिल्यावर समाधानाने मान हलवली.

अमेरिकन गाड्या आणि भूमध्य समुद्र यांचे नाते तसे जुनेच आहे, फक्त माझे तिकडे लक्ष गेले नव्हते. मस्टँग १७ एप्रिल १९६४ रोजी न्यूयॉर्कच्या जागतिक मेळ्यात लोकांसमोर आली, तिच्यामागचा मुख्य माणूस ली आयकोका हा दक्षिण इटलीतून अमेरिकेत गेलेल्या कुटुंबातला. फोर्ड टोरिनो, फोर्ड ग्रनाडा, मर्क्युरी काप्री, कॅडिलॅक सेव्हिल, ब्यूक रिव्हिएरा ही नावे नकाशावर शोधली तर ती सगळी याच समुद्राच्या आसपास सापडतात. कॅडिलॅक आलांतेच्या बॉडी तर पिनिनफरिना ही कंपनी इटलीत बनवत असे आणि त्या मालवाहू बोइंग ७४७ने डेट्रॉइटला नेल्या जात. आपल्याकडे वालचंद हिराचंदांच्या कुर्ल्याच्या कारखान्यातही आधी डॉज आणि प्लिमथ जोडल्या गेल्या आणि मग फिएट आली, हे मराठी वाचकांना आठवत असेलच.

गाडीला मोकळा रस्ता हवा असेल तर राजधानी वॅलेटाहून कॅटमरान ही जलद बोट पकडावी. ती गाड्यांसह पावणेदोन तासांत सिसिलीच्या पोझ्झाल्लो बंदरात उतरवते. तिथे उजवीकडून चालवायचे असल्याने ट्रकच्या मागून पुढचे दिसत नाही, त्यामुळे शेजारी डोळस सोबती असणे आवश्यक आहे. परंतु सिसिलीतल्या कालताजिरोने गावाकडे जाणाऱ्या डोंगरी वळणांवर या पिढीचे स्वतंत्र मागचे सस्पेन्शन किती उत्तम आहे ते कळते. खडबडीत डांबरावरही मागची बाजू उसळत नाही, आणि तिसऱ्या गिअरमध्ये साडेतीन हजार फेऱ्यांच्या वर इंजिनाचा जो आवाज येतो त्यासाठी मी पेट्रोलचे बिल आनंदाने भरतो. कालताजिरोनेच्या नावातही अरबी किल्ला दडलेला आहे, सिसिलीच्याच मार्साला शहराच्या नावातले ‘मार्सा’ म्हणजे बंदर माल्टाच्या मार्साश्लोकमध्ये भेटते, आणि कालताजिरोनेतला रंगीत टाइल्सचा १४२ पायऱ्यांचा जिना चढताना दुकानदारांशी माझी माल्टीज आणि त्यांची सिसिलियन बरीच पुढेपर्यंत निभावली.

बाकीचे थोडक्यात. वेगदर्शकावर ‘ग्राउंड स्पीड’ असे छापले आहे आणि विमानांच्या दुरुस्तीत काम करणाऱ्या मला ते रोज सुखावते. मागची आसने मोठ्या माणसांसाठी नाहीत. मागचे टायर महाग आहेत, आणि माल्टाचे घासून गुळगुळीत झालेले रस्ते पहिल्या पावसात इतके निसरडे होतात की तिथे टायरमध्ये काटकसर करू नये. सुटी चाके घ्यायची असल्यास अठरा इंचीचा विचार करावा, खड्ड्यांत रिम वाचते. २.३ लिटरची चार सिलिंडरची गाडी खिशाला सोयीची पडेल, पण रुंदी दोन्हींची सारखीच आहे, तेव्हा गल्लीतला त्रास वाचेल या आशेने ती निवडू नये. घेण्यापूर्वी आपल्या घरासमोरची सर्वांत अरुंद जागा फितीने मोजावी आणि ती सव्वादोन मीटरच्या खाली भरली तर दुसरे घर किंवा दुसरी गाडी पाहावी. माझी विक्रीची जाहिरात मी काढून टाकली आहे, आणि पुढच्या वसंतात सिसिलीच्या पश्चिम टोकापर्यंत जाण्यासाठी बोटीचे तिकीट काढून ठेवले आहे.