बांधासाठी घेतलेली हिंगणाची रोपं, ५ पैकी ३ स्टार

चोपड्याकडच्या एका नर्सरीतून मागच्या पावसाळ्यात हिंगणाच्या काटेरी झाडाची ४० रोपं आणली, केळीच्या वावरात मोकाट गुरं घुसतात म्हणून बांधावर लावायला. पिशवीत मुळं गोल गोल फिरलेली होती, सांगितलंच नाही, ९ मेली, खूप वाईट वाटलं. बाकीची मात्र एक नंबर, मे महिन्यात पाणी तुटलं तरी हिरवीगार. काटाही हिरवाच असतो, पटकन दिसत नाही, ट्रॅक्टरचा टायर सांभाळा.

आमची आजी हिंगणाच्या फळाने लुगडी धुवायची, गर पाण्यात चोळला की साबणासारखा फेस येतो, ते फेस आणणारं द्रव्य म्हणजे सॅपोनिन. पण तेच पाण्यात उतरलं की मासे आणि गोगलगाई मरतात, म्हणून मासे सोडलेल्या शेततळ्याच्या काठाला अजिबात लावू नका हो! शेळ्या पाला आवडीने खातात, त्यांना काही होत नाही. नाल्यावरच्या जुन्या हिंगणावर खाटीक पक्ष्याने काट्यात टोळ खोचून ठेवलेला मी स्वतः पाहिलाय, पाय अजून हलत होते. इंदूरजवळ गौतमपुऱ्याला दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी हिंगोट युद्ध खेळतात ना, ते याच पोकळ केलेल्या फळात फटाक्याची दारू भरून, पेटवून एकमेकांवर फेकतात.

घेताना एक पिशवी फाडून मूळ बघाच.