वाइल्डकॅट म्हणून ६.५ पीआरसी गळ्यात मारली, ६,४९२ डॉलर ९० सेंट गेले

एका गनस्मिथने मला स्वतः आखलेल्या वाइल्डकॅटची, म्हणजे स्टँडर्ड यादीत नसलेल्या घरगुती डिझाइनच्या काडतुसाची, रायफल बनवून विकली. आधी आकडे सांगतो. रायफल ४,८५० डॉलर. डाय सेट (काडतूस पुन्हा भरताना केसला आकार देणारे साचे) ४२०. 'खास फॉर्म केलेल्या' १०० केसेस (काडतुसाची पितळी नळकांडी), नग ७ डॉलर, म्हणजे ७००. लोड डेव्हलपमेंटचे, म्हणजे पावडर-बुलेटचा मेळ बसवण्याचे, ६००. एकूण ६,५७०. मग म्हणाला, कार्डाने नको, बँकेतून थेट पाठव, ३ टक्के कमी करतो. १९७ डॉलर १० सेंट वाचले म्हणून मी खूश! पाठवले ६,३७२.९०. पुढे दुसऱ्या गनस्मिथकडून चेंबर (बॅरलमधली काडतूस बसायची जागा) तपासून घ्यायला १२० गेले ते वेगळे. आणि एवढं मोजून हातात काय आलं, तर २०१८ पासून दुकानात डब्याने मिळणाऱ्या साध्या ६.५ पीआरसी काडतुसाची रायफल, बॅरलवर भलतंच नाव कोरलेली.

आता कुणी लगेच शहाणपणा शिकवू नका की वाइल्डकॅटच्या नादाला लागायचंच कशाला. .२२-२५० कितीतरी वर्षं वाइल्डकॅटच होती, रेमिंग्टन कंपनीने १९६५ मध्ये उचलली. .२५-०६ चं तेच, १९६९. ६.५-२८४ ने हजार यार्डाच्या स्पर्धा गाजवल्या त्या नॉर्मा कंपनीने हात लावायच्या आधीपासून. म्हणजे एखादा कसबी माणूस आपल्या लेथवर काहीतरी भारी बनवू शकतो यावर विश्वास ठेवणं हा काही मूर्खपणा नाही. मी क्रीडमूर काडतूस वापरून, स्वतः रीलोड करून (रिकाम्या केस पुन्हा भरून) इथवर आलेलो माणूस आहे, दुकानात चकाकतं ते उचलणारा नाही. मला फक्त हजार यार्डापुढे वारा थोडा कमी मोजायला लागावा एवढंच हवं होतं, आणि हा म्हणत होता १४० ग्रेन वजनाची बुलेट, २६ इंची बॅरल, ३,३५० फूट पर सेकंद.

माणूस गोड. फोनवर तासन्‌तास बोलायचा, थ्रोट इरोजन, फ्रीबोअर, नेक टेन्शन, सगळं तांत्रिक बरोबर बोलायचा. असले लोक कसे बोलतात ते तुम्हाला माहीतच आहे, नव्वद टक्के खरं आणि दहा टक्क्यांत आपला खिसा.

मी विचारलं, रीमरचा प्रिंट, म्हणजे चेंबर कोरायच्या हत्याराचा मापांसकट आराखडा, देशील का? म्हणाला, ट्रेड सीक्रेट आहे. इथेच फोन ठेवायला हवा होता असं आता सगळे सांगतायत. पण ऐकणाऱ्याला ते पटतं हो, माणसाने वर्षं घालवून डिझाइन केलंय, तो का फुकट वाटेल? आता कळतंय की प्रिंटशिवाय दुसरीकडून डाय बनवून घेणं अवघड होतं, म्हणजे डाय त्याचाच, केस त्याचीच, भाव त्याचाच. प्रिंट न देणाऱ्याला एक डॉलरही देऊ नका.

पण खरी आग होते ती त्या फोटोची.

त्याने क्रोनोग्राफच्या (गोळीचा वेग मोजायच्या यंत्राच्या) स्क्रीनचा फोटो पाठवला होता. सरासरी ३,३५२, स्टँडर्ड डेव्हिएशन (एसडी, गोळीगणिक वेग किती बदलतो ते) ३. मी तो झूम करून पाहिला, मित्रांना पाठवला, त्यांनीही वा वा केलं. आणि त्याच फोटोत, खालच्या कोपऱ्यात, बारीक अक्षरात एनर्जी लिहिली होती: २,४९५ फूट-पाउंड. आता करा हिशोब. बुलेटचं वजन ग्रेनमध्ये, गुणिले वेगाचा वर्ग, भागिले ४,५०,२४०. १४० ग्रेन खरंच ३,३५२ ने गेली असती तर एनर्जी ३,४९४ आली असती. २,४९५ येते ती १०० ग्रेनला! म्हणजे त्याने मशीनमध्ये १०० ग्रेन टाकलं होतं, १०० ग्रेनची हलकी बुलेट उडवली होती, आणि फोटो मला १४० चा म्हणून पाठवला. चोरी लपवलीसुद्धा नव्हती. पूर्ण एक हजार फूट-पाउंड माझ्या डोळ्यासमोर गायब होते, पैसे भरायच्या आधी, माझ्याच फोनवर. टार्गेटवाल्यांपैकी एनर्जीचा आकडा बघतो कोण? ती शिकारवाल्यांची गोष्ट. आपण वेग बघतो, एसडी बघतो. त्याला हे बरोबर माहीत होतं, म्हणूनच कोपरा कापायची तसदीही घेतली नाही. अजून रात्री तो फोटो उघडून बघतो आणि दात-ओठ खातो.

दुसरा हिशोब केसचा. जुना ठोकताळा आहे, त्याच प्रेशरला केसमधली जागा ४ टक्के वाढवली तर वेग जेमतेम १ टक्का वाढतो. पीआरसीच्या आकाराची केस १४० ग्रेनला साधारण २,९५० देते. तिथून ३,३५० म्हणजे साडेतेरा टक्के जास्त, म्हणजे जागा निदान ५४ टक्के जास्त पाहिजे. २६ नॉस्लर काडतुसाच्या दांडग्या केसलाही तिथे जाताना घाम फुटतो. पण केस हातात येईपर्यंत जागा मोजणार कशी? केस आल्या तेव्हा पैसे जाऊन महिने झाले होते.

केस आल्या त्याही कशा, सगळ्यांचे हेडस्टॅम्प (केसच्या बुडावर उमटवलेलं नाव) लेथवर घासून काढलेले. म्हणे मोठ्या मॅग्नम केसपासून बनवतो, पॅरेंट, म्हणजे मूळची, केस कळू नये म्हणून घासतो. मी त्या एकेक करून दिव्याखाली फिरवल्या. गोल गोल टूलचे ओरखडे, मधे प्रायमर पॉकेट (ठिणगी देणारी टोपी बसते तो खळगा), बाकी कोरं पितळ. आणि एका केसवर हात हलका पडला होता त्याचा. तिरपा उजेड पाडला की तीन अक्षरांची खालची अर्धी अर्धी दिसत होती, पी, आर आणि सी. डॉलर-दोन डॉलरची केस ७ डॉलरला, वर ओळख पुसून! हे नुसतं महाग नाही, धोक्याचं आहे. ज्या केसवर काय आहे ते लिहिलेलं नाही ती उद्या चुकून कुणाच्या कुठल्या चेंबरमध्ये जाईल सांगता येत नाही.

त्याच्या लोडशीटचं (किती पावडरला किती वेग, त्या तक्त्याचं) ऐकत गेलो असतो तर आज टाइप करायला बोटं असती की नाही देव जाणे. मी खालून हळूहळू चढत गेलो. क्रोनोग्राफ २,९८५ दाखवत होता, शीटवर त्याच ठिकाणी ३,२४०. थोडं पुढे गेलो तर बोल्ट हाताने उघडेना, तळहाताने ठोकावा लागला. केसच्या बुडावर इजेक्टरचा चकचकीत डाग, प्रायमर पॉकेट ढिला, सगळी दाब जास्त झाल्याची लक्षणं. पीआरसीची दाबाची मर्यादा ६५,००० पीएसआय, आणि शीटवरचा पावडरचा शेवटचा आकडा अजून पुष्कळ वर होता. तिथेच थांबलो. शीटवरचा वेग येत नाही म्हणून पावडर वाढवत जाऊ नका. कधीच नाही.

दुसऱ्या गनस्मिथने सेरोसेफ नावाचा वितळवलेला धातू ओतून चेंबरचा साचा काढला, तासभर थांबला कारण तो धातू आधी आकसतो आणि मग मापावर येतो, आणि कॅलिपर लावला. शोल्डरचा (केसच्या खांद्याचा) उतार ३० अंश, सगळी मापं पीआरसीची. मग पीआरसीचा गो गेज (चेंबरची खोली तपासायचा ठोकळा) घातला, बोल्ट बंद. नो-गो घातला, बोल्ट अडला, म्हणजे चेंबर पीआरसीचंच. एक शब्द न बोलता दोन्ही गेज माझ्यासमोर ठेवले त्याने. ही तपासणी रायफल ताब्यात आली त्या दिवशी करून घ्या, पहिली गोळी झाडायच्या आधी.

आता तक्रारींचं ऐका. बँक म्हणाली, पैसे तुम्हीच पाठवले, तुमच्याच परवानगीने, आम्ही काय करणार. कार्ड असतं तर वाद घालता आला असता, ३ टक्क्यांची सूट असते ती ह्यासाठी! पोलिसांनी अर्धं ऐकूनच 'सिव्हिल मॅटर' म्हणून बोळवण केली, वस्तू मिळाली ना, मग चोरी कुठे? ग्राहक तक्रार खात्यात फॉर्म भरला, तर उत्तर आलं की बंदुकीचे विषय आमच्याकडे नाहीत, परवाना देणाऱ्या खात्याकडे जा. तिथे फोन केला, होल्डवर संगीत ऐकलं, तर तिथली बाई म्हणते आम्ही परवाना आणि नोंदी बघतो, रायफल चांगली की वाईट ते नाही. अहो बाई, नोंदीच खोट्या आहेत! डीलरकडे रायफल आली तेव्हा बॅकग्राउंड चेक झाला, सरकारी फॉर्मवर कॅलिबरच्या रकान्यात त्याचं बनावट नाव चढलं, चेंबर मात्र वेगळंच. ती म्हणाली, बॅरलवर कोरलंय तेच फॉर्मवर आहे ना, मग नोंद बरोबर आहे. मी फोन हातात धरून बसलो. स्टँडर्ड ठरवणाऱ्या संस्थांकडे जायची सोयच नाही, कारण वाइल्डकॅट म्हणजे त्यांच्या यादीत नसलेलंच काडतूस. हे सगळं त्या माणसाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं, म्हणून तर त्याने वाइल्डकॅटच विकली. साध्या कॅलिबरची रायफल खोटी निघाली असती तर बोट ठेवायला एक छापील माप तरी होतं. वकिलाने सांगितलं, तो दुसऱ्या राज्यात, दावा तिथे लावावा लागेल, माझी फी धरून तुमच्या हातात फार काही उरणार नाही. म्हणजे रक्कम पण त्याने मोजूनच ठेवलीय, भांडायला परवडू नये इतकी.

त्याला मेल केला, साच्याच्या मापांसकट. उत्तर: 'तुझा क्रोनोग्राफ तपासून घे.' त्यानंतर नंबर ब्लॉक.

आणि हल्ली त्याने नवीन काडतूस काढलंय, ७ एमएम, नाव वेगळं, १८० ग्रेनला वेगाचे असलेच दावे. जाहिरातीत स्क्रीनचा फोटो आहे. ह्या वेळी खालचा कोपरा कापलाय.

ज्यांच्याकडे त्याच्या रायफली आहेत त्यांनी घासलेल्या केसेस फेकू नका, तिरप्या उजेडात फोटो काढून ठेवा, मूळ स्क्रीनशॉट जपा, आणि चेंबरचा साचा काढेपर्यंत ती झाडू नका.