बिलावर केमिकल अँकर, भिंतीत प्लास्टिकची गिट्टी

गोव्याच्या फोंडा तालुक्यातलं चिऱ्याचं, म्हणजे लाल जांभा दगडाचं घर. अर्धांगवायूमुळे डावी बाजू लुळी पडलेले आजोबा, मुलगा आखातात नोकरीला. न्हाणीत आणि कमोडशेजारी मिळून तीन आधाराच्या दांड्या बसवायचं काम एका ठेकेदाराला दिलं. कोटेशनमध्ये शब्द चोख होते : ‘एसएस ३०४, केमिकल अँकर, १५० किलो टेस्टेड’. म्हणजे ३०४ ग्रेडचं स्टेनलेस स्टील, आणि भोकात चिकटणारा मसाला भरून त्यात पक्का केलेला रॉड. ऐंशी टक्के पैसे आगाऊ घेतले, काम दुपारपर्यंत आटोपलं, चकचकीत फोटो व्हॉट्सॲपवर मुलाला गेले. पावसाळा सरता सरता कमोडशेजारची दांडी उठताना हातात आली, सोबत टाइलचा तुकडाही. आजोबा सुनेच्या अंगावर कलंडले म्हणून हाड शाबूत राहिलं.

भिंतीतून निघालं ते असं : ८ मिमीची प्लास्टिक गिट्टी आणि ३५ मिमीचा स्क्रू. जरा हिशेब करा. फ्लँजची, म्हणजे दांडीच्या टोकाला भिंतीवर टेकणाऱ्या चकतीची जाडी ३ मिमी, टाइल ८ मिमी, तिच्यामागचा माल आणि गिलावा मिळून २० मिमी. म्हणजे ३५ मिमीच्या स्क्रूचं जेमतेम ४ मिमी टोक चिऱ्यापर्यंत पोचलं. आजोबांचा सगळा भार गिलाव्यावर होता, भिंतीवर नव्हताच. आणि हा भार नुसता खाली जात नाही. दांडी भिंतीपासून ६० मिमी पुढे असेल आणि तिच्या एका टोकाशी ६० किलोचा जोर आला, तर त्या फ्लँजच्या वरच्या स्क्रूंना जवळपास तेवढ्याच ताकदीने बाहेर ओढलं जातं. गिट्टी हळूहळू सैल होते, फटीतून पाणी मुरतं, गिलावा भुसभुशीत होतो. पहिल्या दिवशी घट्ट वाटलेली दांडी काही महिन्यांनी निघते ती यामुळे.

फसवणूक दांडीत कमी आणि भिंतीच्या आत जास्त असते. फ्लँजवर गोल टोपी बसली की आतलं कोणाला दिसतंय? म्हणून भोकं पाडताना घरातल्या कोणीतरी तिथं उभं राहायचंच. आपल्याकडे तर भिंतच साक्ष देते. चिऱ्याच्या भिंतीत ड्रिल शिरलं की आधी टाइलची पूड पडते, मग गिलाव्याची राखाडी, आणि शेवटी चिऱ्याची लाल भुकटी. फोंड्याच्या त्या घरातून मुलाला पाठवलेल्या फोटोत फरशीवर नुसती राखाडी धूळ होती. फोटो झूम केला असता तर त्याच दिवशी काम थांबवता आलं असतं.

दुसरी खूण ट्यूबची. त्या बिलावर केमिकल अँकरच्या मसाल्याच्या ३०० मिलीच्या तीन ट्यूब लावल्या होत्या. तीन दांड्या, सहा फ्लँज, प्रत्येकी तीन भोकं, म्हणजे अठरा भोकं. १० मिमी व्यासाच्या आणि ८० मिमी खोल भोकात ८ मिमीचा रॉड बसवायला साडेतीन मिलीच्या आसपास मसाला लागतो. गिलाव्यातला भाग आणि वाया जाणारा धरला तरी अठरा भोकांना एक ट्यूब पुरून उरते. तीन ट्यूबचं बिल लावणाऱ्याने एकही फोडली नव्हती. खरं काम झालं असेल तर कचऱ्यात ट्यूबच्या तोंडाला लावायची मिक्सर नळी सापडते, आत मसाला कडक झालेली. ती मागून घ्या, ट्यूबवरची एक्स्पायरी पाहा, दोन्हींचा फोटो ठेवा.

चिऱ्यात काम करण्याची रीत वेगळी आहे, आणि ‘सगळीकडे रावल बोल्ट मारतो’ म्हणणाऱ्याला ती माहीत नसते. पसरून पकडणारा बोल्ट काँक्रीटमध्ये उत्तम. चिरा सच्छिद्र आणि एकाच भिंतीत कुठे कठीण, कुठे मऊ. बोल्ट पसरला की तो आतून फुटतो. टाइल हिऱ्याच्या बिटाने, हॅमर बंद ठेवून कापायची. पुढेही चिऱ्यात हॅमर नको, नुसतं फिरतं ड्रिल. भोक चिऱ्यात ८० मिमी तरी जायला हवं, म्हणजे टाइलपासून सुमारे ११० मिमी. मग पंपाने फुंकायचं, तारेचा ब्रश फिरवायचा, पुन्हा फुंकायचं. इथे आळस केला तर मसाला भिंतीला न चिकटता भुकटीला चिकटतो. ट्यूबमधून पहिला निघालेला मसाला रंग एकसारखा होईपर्यंत फेकून द्यायचा, भोक तळापासून दोन तृतीयांश भरायचं आणि स्टेनलेस रॉड फिरवत आत घालायचा. ट्यूबवर लिहिलेला वेळ संपेपर्यंत नट आवळायचा नाही. दुपारपर्यंत ‘सगळं फिट’ म्हणून निघणाऱ्याने हा वेळ दिलाय का, ते विचारा. भोक चिऱ्यांच्या सांध्यात आलं तर जागा सरकवावी.

फ्लॅटमधल्या चार इंची पोकळ ब्लॉकच्या आडभिंतीला मसाला धरून ठेवणारी जाळीची नळी घालूनही आमचं मन धजत नाही. तिथे बोल्ट आरपार काढून पलीकडे ६ मिमीची स्टीलची पट्टी लावावी. दुसऱ्या बाजूला बेडरूम असेल तर दिसायला वाईट दिसतं, पण इलाज नाही. नाहीतर जमिनीवर पाय टेकणारी दांडी घ्यावी. आणि कुठलंही भोक पाडण्याआधी कन्सील्ड पाइप कुठून गेलाय ते प्लंबरकडून कळलं पाहिजे. टाइल ठोकून पोकळ वाजली तर तिथे काम नकोच.

‘टेस्टेड’चं नाटक ठरलेलं आहे. कारागीर स्वतः दांडीला लोंबकळतो, फोटो काढतो. लोंबकळण्याने जोर मुख्यतः खाली जातो, पडणारा माणूस मात्र दांडी स्वतःकडे खेचतो. दोन्ही हातांनी बाहेरच्या दिशेने झटके द्यायला लावा, पाठीमागे माणूस उभा ठेवून. फ्लँजच्या कडेला केसाएवढी जरी फट उघडली, तरी पैसे अडवा.

स्टीलबद्दल एक गैरसमज दुकानदार मुद्दाम पोसतात. चुंबक लावून दाखवतात : ‘बघा, चिकटत नाही, ३०४च आहे.’ २०२ या दुसऱ्या ग्रेडलाही चुंबक सहसा चिकटत नाही. त्यात निकेल कमी आणि मँगनीज जास्त असतं. फॅब्रिकेटरकडे मँगनीज तपासायचं द्रावण असतं. थेंब टाकून बॅटरीचा करंट दिला की २०० सीरिजवर तो लाल होतो. खाऱ्या हवेत २०२ आधी वेल्डिंगजवळ गंजतं, टॉयलेट क्लीनरमधल्या ॲसिडने आणखी लवकर. कळंगुट-कोलव्यासारख्या किनाऱ्यालगत ३१६ घेतलेलं बरं. टॉवेल रॉडलाच ग्रॅब बार (आधाराची दांडी) म्हणून विकणारेही आहेत. २५ मिमीपेक्षा बारीक नळी, हलकं ओतीव फ्लँज आणि बाजूने आवळायचा चिमुकला स्क्रू दिसला की समजा, तो टॉवेलसाठीच आहे. ३२ ते ३८ मिमी व्यास मुठीत नीट बसतो. व्हॅक्यूमने चिकटणाऱ्या दांड्या तोल सावरण्यापुरत्याही मॅट टाइलवर टिकत नाहीत. त्यांच्यावर वजन टाकायचं नाही.

त्या घरात आणखी एक गोष्ट झाली होती. कमोडशेजारची दांडी डाव्या बाजूला, म्हणजे लुळ्या हाताशी बसवली, कारण डावीकडे भिंत जवळ होती. व्यक्तीला कमोडवर बसवून, चांगला हात पुढे करायला लावून टाइलवर पेन्सिलने खूण करायची, मगच उंची ठरवायची. सीटपासून साधारण २०० ते २५० मिमी वर ही सुरुवात, शेवट नव्हे. बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात किंवा जिथे उपचार चालू आहेत तिथे ऑक्युपेशनल थेरपिस्टला (रोजच्या हालचाली पुन्हा शिकवणाऱ्याला) एकदा विचारून घ्यावं. ठेकेदाराला हे विचारू नये.

पैशांचं असं ठेवा : सामानापुरते आगाऊ, उरलेले मसाला सुकून ओढून पाहिल्यावर. बिलात ‘बाथरूम वर्क’ असं मोघम नको. दांडीचा ग्रेड, व्यास, अँकरचा प्रकार, खोली आणि भोकांची संख्या लिहून घ्या. हे लिहिलेलं असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करताना, आणि पुढे पर्वरी किंवा मडगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात जायची वेळ आली तरी बोलायला आधार राहतो. आयोगात दाद मागायची मुदत दोन वर्षांची. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही.

घरात दांड्या आधीच बसलेल्या असतील तर प्रत्येक फ्लँजची टोपी सरकवून पाहा. नट आणि रॉड दिसला, आणि तो पसरून पकडणारा बोल्ट नसेल, तर ठीक. स्क्रू दिसला तर एक काढून मोजा. ५० मिमीपेक्षा आखूड निघाला तर ती दांडी आजपासून बंद, आणि दुरुस्ती होईपर्यंत कमोडभोवती चार पायांची टॉयलेट फ्रेम ठेवा. तिला भिंत लागत नाही.