कासवाच्या पेटीपायी २३,४९९ रुपये गेले, तुमचे जाऊ नयेत

रक्कम आधीच सांगतो, कारण फसलेला माणूस ती लपवतो आणि त्यामुळे पुढचा फसतो. २३,४९९ रुपये. चार वेळा पाठवले, दर वेळी मीच पिन टाकला.

मी तासगावला पंपाच्या मोटारी रिवाइंड करतो, २१ वर्षं झाली. मेव्हणा पुण्याहून परदेशी गेला तेव्हा त्याचं सुल्काटा कासवाचं पिल्लू माझ्या मुलीकडे आलं. तळहाताएवढं, ९ सेंटीमीटर. ही आफ्रिकेतली जात आहे. आपल्याकडचं पाठीवर चांदण्या असलेलं तारा कासव मात्र कुणी 'मिळवून देतो' म्हणालं तरी घेऊ नका. ते वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, घरात ठेवणं हाच गुन्हा. सुल्काटाचीसुद्धा परिवेश या सरकारी पोर्टलवर नोंद लागते. ती मेव्हण्याने केलेली होती, नंतर माझ्या नावावर झाली. कागद माझ्याकडे होते, हे लक्षात ठेवा.

मे अखेरपर्यंत पिल्लू गच्चीवर विटांच्या वाफ्यात होतं. वर जाळी, कारण कावळा आणि घार सोडत नाही. भिंत जमिनीत वीतभर पुरलेली, नाहीतर घूस उकरून आत शिरते आणि कासव उकरून बाहेर पडतं. जून लागला आणि ऊन गेलं. उन्हातले यूव्हीबी किरण मिळाले नाहीत तर यांच्या अंगात ड जीवनसत्त्व तयार होत नाही, कॅल्शियम लागू पडत नाही, पाठ मऊ पडते. मुलगी रोज पाठीवर अंगठा टेकवून बघायची. घरात पेटी हवी होती, आणि लगेच हवी होती.

मोबाइलवर जाहिरात दिसली: चार फूट बाय दोन फूट पेटी, यूव्हीबी ट्यूब, उष्णतेचा दिवा, थर्मोस्टॅट, सगळं १२,५०० रुपयांत. समोरचा मराठीच बोलत होता. 'दादा, पिल्लू किती ग्रॅमचं? काकडी देऊ नका, गवत आणि जास्वंदीची पानं द्या.' इतकी माहिती असलेला माणूस चोर असेल असं मला वाटलं नाही, आणि माझ्या जागी असता तर तुम्हालाही वाटलं नसतं. ३,५०० आगाऊ पाठवले. दोन दिवसांनी 'तुमची पेटी तयार' म्हणून फोटो आला आणि बाकीचे ९,००० मागितले.

त्या फोटोवरच माझा जीव अडकलाय. ट्यूब नीट बसवलीय का ते बघायला मी फोटो मोठा केला. ट्यूब काचेच्या झाकणावर ठेवलेली. काच यूव्हीबी अडवते, हे मी आठच दिवसांपूर्वी वाचलं होतं. त्याच्या खाली वायर, आणि वायरीच्या टोकाला तीन चपट्या, चौकोनी पिनांचा प्लग. विलायतेतला. आपल्याकडे प्लगची पिन गोल असते. २१ वर्षं माझ्या हातातून प्लग जातायत. मला तो दिसला, ओळखूही आला. म्हणजे फोटो दुसऱ्या देशातल्या कुणाच्या तरी घरातला, उचललेला. आणि मी काय केलं? 'बाहेरून मागवलेला माल असेल' असं मनाशी म्हणून कपाटातून अडॅप्टर काढून टेबलावर ठेवला आणि ९,००० पाठवले.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे. 'वाहतुकीचा विमा, परत मिळेल' म्हणून ४,९९९. परत मिळणार म्हणून सांगून जे पैसे आधी मागतात, ते कधीच परत येत नाहीत. मी पैसे परत मागितल्यावर त्याचा आवाज बदलला. 'घरात कासव पाळताय, वनखात्याला कळवतो, बायको-पोरीसकट आत जाल.' कागद घरात होते. तरी रात्री अकरा वाजता मी ६,००० पाठवले, कारण मुलगी शेजारी झोपली होती. धमकी आली की एक रुपयाही देऊ नका, त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा. मी लाजेपोटी चार दिवस घालवले, तोवर त्या खात्यात काही उरलं नव्हतं.

आता पोलीस ठाणं. पहिल्या दिवशी, 'साहेब बंदोबस्ताला गेलेत.' दुसऱ्या दिवशी, 'हे सायबरचं, सांगलीला जा.' सांगलीत, 'तुमच्या हद्दीत द्या.' दुकान बंद ठेवून तीन खेपा. शेवटी ज्यांनी ऐकलं त्यांनी पहिला प्रश्न विचारला, 'कासव? ते कायदेशीर आहे का?' माझी तक्रार बाजूला राहिली आणि पाऊण तास माझ्याच कागदांची तपासणी. फसवणारा मोकळा, आणि मी उभा! हद्द कुठलीही असो, तक्रार नोंदवून घ्यायलाच हवी, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये तसं आहे. मी हे सांगितलं तर 'वकील आहात का?' बँकेत, 'पिन तुम्हीच टाकला.' अहो, मी तेच तर सांगतोय. ज्या खात्यात पैसे गेले ते खातं कुणीतरी उघडून दिलंच ना, त्याचे कागद कोण बघणार?

पेटी मी स्वतः केली. वॉटरप्रूफ प्लायवूड, भिंती आरपार न दिसणाऱ्या, कारण काचेतून बाहेरचं दिसलं की कासव दिवसभर तिच्यावर धडका मारतं. एका टोकाला दिव्याखाली ३५ अंश, दुसरीकडे २७ च्या आसपास, म्हणजे त्याला हवं तिकडे जाता येतं. खाली माती आणि नारळाच्या काथ्याचा भुसा, ओलसर. पाण्याचं ताट उथळ, पिल्लू उलटं पडलं तरी बुडू नये असं. ट्यूब आणि कासव यांच्यामध्ये काच नाही. सगळे मिळून ७,८४० रुपये, पावत्यांसह. विकत घ्यायचीच असेल तर विकणाऱ्याला व्हिडिओ कॉलवर पेटीसमोर उभं राहायला सांगा. जो उभा राहत नाही त्याच्याकडे पेटी नाही.

परवा तोच फोटो दुसऱ्या नावाने दिसला, किंमत १३,९००. डावीकडे हिरवा पडदा, काचेच्या झाकणावर ट्यूब, खाली चपट्या पिनांचा पांढरा प्लग. दिसला तर पैसे पाठवू नका.