हर्मन कासवाच्या पिल्लांसाठी लाकडी टॉर्टॉइज टेबल: वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

आधी निकाल सांगते, मग बाकीचं. टेबल, म्हणजे कासवं ठेवायची वरून उघडी लाकडी पेटी, चांगलं आहे, घ्या, पण रिकामं घ्या. त्याच्याबरोबर "स्टार्टर किट" म्हणून जे दिवे आणि थर्मामीटर देतात ते पिल्लांसाठी अजिबात पुरेसे नाहीत, तेच पैसे वाचवून नीट यूव्हीबी ट्यूब (उन्हातल्यासारखी अतिनील किरणं देणारी) आणि ऊब देणारा हॅलोजन दिवा घ्या. आम्ही इंग्लंडमध्ये राहतो, लेस्टरच्या जवळ, आणि हा सगळा रिव्ह्यू इथल्या घरांचा आणि इथल्या हवेचा विचार करून लिहितेय. भारतातल्या लोकांसाठी पुढे वेगळं लिहिलंय ते प्लीज वाचा.

आमच्याकडे हर्मन जातीची दोन पिल्लं आहेत, चिंगी आणि ठमी. नर की मादी हे कळायला अजून काही वर्षं जातील, पण मुलांनी नावं ठेवून टाकली. ही मूळची दक्षिण युरोपातली जमिनीवरची कासवं, स्पेन, इटलीपासून ते ग्रीस, बल्गेरियापर्यंत सापडतात. अंड्यातून निघतात तेव्हा जेमतेम ३-४ सेंटीमीटरची असतात आणि नीट सांभाळली तर पन्नास वर्षांच्या वर सहज जगतात, म्हणजे आपल्या मुलांच्याही म्हातारपणापर्यंत. इथे ती विकायची असतील तर विकणाऱ्याकडे आर्टिकल १० सर्टिफिकेट असावं लागतं, ते सरकारची एपीएचए नावाची एजन्सी देते. कागद नसेल तर कितीही गोड पिल्लू असलं तरी तिथून उठून निघून यायचं.

आता टेबल. चार फूट बाय दोन फूट, पाइनचं, वरून उघडं, एका टोकाला झाकलेली खोली. ज्या दुकानातून घेतलं त्याचं नाव घेत नाही कारण अशी टेबलं डझनभर ठिकाणी थोड्याफार फरकाने मिळतात. शंभर पौंडांच्या आसपास गेले. जोडायला सोपं, एक स्क्रूड्रायव्हर आणि एक माणूस बास. लाकडी असल्याचा सगळ्यात मोठा फायदा म्हणजे भिंती आरपार दिसत नाहीत. काचेच्या टाकीत कासवाला पलीकडचं दिसतं आणि ते दिवसभर काचेला नाक घासत चालत राहतं, त्याला ती भिंत कळतच नाही, खूप ताण येतो बिचाऱ्याला. इथे तसं नाही, दोघी पहिल्या आठवड्यातच शांत झाल्या, खायला लागल्या, माती उकरायला लागल्या.

लाकडाची तक्रार एकच आणि ती गंभीर आहे, तळाची फळी पातळ प्लायवूडची आहे आणि आतून काहीही लेप नाही. पिल्लांची माती ओलसर ठेवावी लागते, म्हणजे हे प्लाय काही महिन्यांत फुगणार हे दिसतच होतं. म्हणून आम्ही आतून तळ आणि भिंतींचा खालचा भाग तळ्यासाठी वापरतात त्या जाड पाँड लायनरने मढवून घेतला, कडा वर स्टेपल केल्या, मातीच्या खाली एकही स्टेपल नाही. शंभर पौंड घेऊन विकणाऱ्याने हे स्वतः करून द्यायला हवं असं माझं स्पष्ट मत आहे. कासव कोरड्यावर ठेवायचं असतं असं गृहीत धरून ही टेबलं बनवलेली दिसतात, आणि पिल्लांच्या बाबतीत ते गृहीतकच चुकीचं आहे.

ह्याच मुद्द्यावर मी जास्त लिहिणार आहे कारण सगळ्यात जास्त पिल्लं इथेच बिघडतात. तुम्ही पाळलेली कासवं पाहिली असतील तर काहींच्या पाठीवर प्रत्येक खवल्याचा टेंगळासारखा उंचवटा दिसतो, पिरॅमिडिंग म्हणतात त्याला. वर्षानुवर्षं लोक म्हणायचे की प्रोटीन जास्त झालं म्हणून होतं. २००३ मध्ये आफ्रिकन स्पर्ड कासवांच्या पिल्लांवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात प्रोटीन कमीजास्त करूनही फारसा फरक पडला नाही पण कोरड्या हवेत वाढलेल्या पिल्लांची पाठ जास्त उंचावली आणि दमट हवेतल्यांची गुळगुळीत राहिली. जात वेगळी आहे हे मान्य, पण हर्मन पाळणारे अनुभवी लोकही आता हेच सांगतात. आणि विचार केला तर पटतं, रानात पिल्लू दिवसभर उघड्यावर थोडंच बसतं, ते झुडपाखाली, पाल्याखाली, ओलसर मातीत अर्धं गाडून घेऊन असतं. एकदा वाकडी झालेली पाठ नंतर सरळ होत नाही, म्हणून पहिली दोन-तीन वर्षंच महत्त्वाची.

आणि इथली आपली घरं कशी, तर हिवाळ्यात सेंट्रल हीटिंग दिवसभर चालू, हवेतला दमटपणा पार ३०-४० टक्क्यांवर. त्यात वर उघडं टेबल, वर तापणारा दिवा, म्हणजे सगळी वाफ छताला जाते. मी टेबलाच्या वर थंड बाजूला अॅक्रिलिकची शीट ठेवली, साधारण अर्ध्याहून जास्त टेबल झाकलं जातं, दिव्याची बाजू उघडी. माती दहा सेंटीमीटर खोल भरली आणि वरून शिंपडण्यापेक्षा कोपऱ्यातून पाणी ओतते म्हणजे खालचा थर ओला राहतो आणि वरचा साधारण कोरडा, नाहीतर पोटाखाली सतत चिखल राहून कवच खराब होतं. झाकलेल्या खोलीतली माती मात्र नेहमी ओलसर. दमटपणा मोजणारा डिजिटल हायग्रोमीटर आता त्या खोलीत ८० टक्क्यांच्या आसपास दाखवतो आणि दोघी रोज रात्री तिथेच जाऊन गाडून घेतात, कोणी शिकवलं नाही.

माती कुठली हे बरेच जण विचारतात. खत नसलेली टॉपसॉइल आणि मुलांच्या वाळूच्या खड्ड्यात घालतात ती प्लेसँड, साधारण ६०-४०. तयार हवी असेल तर प्रोरेपची टॉर्टॉइज लाइफ मिळते, मी पहिली बॅग तीच आणली होती, छान आहे, फक्त एवढं मोठं टेबल भरायचं म्हणजे महाग पडते. नुसती वाळू नको, लाकडाचा भुसा नको, सशाच्या पिंजऱ्यातले पेलेट नकोत, अक्रोडाच्या टरफलाचा चुरा तर अजिबात नको, खाण्याबरोबर पोटात जाऊन आतडं तुंबतं.

आता दिवे, जिथे खरे पैसे घालायचे. किटमध्ये जो येतो तो वेटोळं असलेला छोटा यूव्हीबी बल्ब, त्याचा प्रकाश एका तळहाताएवढ्या जागेत पडतो, थोडं लांब गेलं की काही उरत नाही. मी तो वापरलाच नाही. त्याऐवजी आर्केडियाचं प्रोटी५ किट घेतलं, २४ वॅट, १२ टक्क्यांची ट्यूब, रिफ्लेक्टरसकट येतं. ह्या वस्तूला माझ्याकडून पूर्ण मार्क. ट्यूब साधारण ५५ सेंटीमीटरची म्हणजे चार फुटांच्या टेबलाचा उबदार अर्धा भाग नीट उजळतो आणि दुसरा अर्धा सावलीत राहतो, पिल्लू स्वतः ठरवतं किती ऊन घ्यायचं. कवचापासून ३५ ते ४० सेंटीमीटर वर टांगली आहे. यूव्हीबी नसेल तर अंगात डी३ जीवनसत्त्व तयार होत नाही, डी३ नसेल तर कॅल्शियम खाऊनही उपयोग नाही, कवच मऊ पडतं, पाय वाकतात. दोन गोष्टी लक्षात ठेवा, काच आणि साधं प्लास्टिक यूव्हीबी अडवतं त्यामुळे ट्यूब झाकणाच्या खालीच हवी आणि खिडकीतून येणारं ऊन ह्या बाबतीत धरायचंच नाही. दुसरं, ट्यूब वर्षभराने बदलायची, दिसायला पेटत असते पण यूव्हीबी कमी झालेलं असतं, मी बसवल्याची तारीख मार्करने पट्टीवर लिहून ठेवलीय.

उबेसाठी साधा हॅलोजन फ्लड, ट्यूबच्या शेजारी, म्हणजे ऊब आणि यूव्हीबी एकाच जागी मिळतं जसं उन्हात मिळतं. हॅबिस्टॅटचा डिमिंग थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान बघून दिवा मंद-तेज करणारा, लावलाय, चालू-बंद करणारा नाही, कारण त्याने हॅलोजन सारखा लुकलुकतो. दिव्याखाली स्लेटची सपाट लादी, तिच्यावर ३२ ते ३५ डिग्री, दुसऱ्या टोकाला २० ते २२. किटमधला चिकटवायचा गोल काट्याचा थर्मामीटर भिंतीची हवा मोजतो, पिल्लाच्या पाठीची नाही, त्यामुळे लांबून तापमान मोजणारी इन्फ्रारेड गन घ्या, स्वस्त मिळते. एवढ्याशा पिल्लाची पाठ मोठ्या कासवापेक्षा फार पटकन तापते म्हणून रोज सकाळी एकदा मोजतेच. रात्री सगळं बंद, टायमरवर बारा तास. टेबल ठेवलेली घरातली खोली १५-१६ डिग्रीच्या खाली जात नसेल तर रात्री उबेची गरज नाही. लाल आणि निळे "रात्रीचे" बल्ब विकतात ते घेऊ नका, त्यांना अंधार हवा असतो.

हे पण वाचा, दिव्याखाली त्या सपाट लादीशिवाय चढउतार, उंच दगड काही ठेवू नका. पिल्लं सगळीकडे चढतात आणि उलटी पडतात, थंड बाजूला उलटं पडलं तर बऱ्याचदा पाय मारून सरळ होतं, दिव्याखाली उलटं पडलं आणि घरात कोणी नसलं तर भाजून मरतं. शोभेच्या सगळ्या वस्तू म्हणूनच पलीकडच्या टोकाला.

दोन पिल्लं एकत्र ठेवायची का? नाही. भांडताना दिसत नाहीत म्हणून लोकांना वाटतं छान जमतंय, पण एक दुसऱ्याच्या अंगावर चढून बसतं, खाण्यावरून ढकलतं, आणि दबलेलं पिल्लू लपून राहतं, वजन वाढत नाही. आम्ही टेबल मधोमध फळी घालून लांबीतून विभागलं, आडवं नाही. आडवं केलं असतं तर एकीला सगळी ऊब आणि दुसरीला सगळी थंडी. लांबीतून केल्यावर दोघींना एक फूट रुंदीची पण पूर्ण चार फुटांची पट्टी मिळाली, ट्यूब आणि हॅलोजन बरोबर फळीच्या वर, दोघींना सारखं. खोलीलाही मध्ये फळी आणि दोन दारं. ही गोष्ट ह्या टेबलात इतकी सोपी झाली ते मात्र लाकडी असल्यामुळेच, दोन पट्ट्या स्क्रू केल्या की झालं.

पाण्याला कुंडीखालची मातीची उथळ बशी, गार्डन सेंटरमधून. शिवाय रोज सकाळी कोमट पाण्यात पंधरा मिनिटं बसवते, पाणी हनुवटीच्या खालीच. तिथेच शी-शू होते, टेबल स्वच्छ राहतं. खायला डँडेलियनची पानं, प्लँटेन (केळं नव्हे, गवतात उगवणारं तण), क्लोव्हर, आणि माझ्या खिडकीतल्या जास्वंदीची पानं-फुलं, ती तर दोघी पळत येऊन खातात. दुकानातून आणलेली कुंडी लगेच देऊ नका, औषध मारलेलं असतं. फळं नाहीत, पालक नाही, टोमॅटो नाही, मुलांनी कितीही हट्ट केला तरी नाही. कॅल्शियम पावडर भुरभुरायची आणि स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर, म्हणजे कासवांसाठी वेगळा ठेवलेल्या, आठवड्याला वजन करून वहीत लिहायचं. हात लावल्यावर साबणाने धुवायचे, साल्मोनेला (पोट बिघडवणारा जंतू) असू शकतो, लहान मुलांच्या घरात ह्यात सूट नाही.

आता महाराष्ट्रातल्या मंडळींसाठी. माझ्या मावशीने फोटो बघून विचारलं की आमच्या इथे एक जण पिवळ्या रेघांची पिल्लं विकतोय, एक घेऊ का. मावशी, नको. ते स्टार कासव, आपल्या देशातलं रानटी जनावर, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली ते घरात ठेवणं गुन्हा आहे, २०२२ च्या दुरुस्तीनंतर ते पहिल्या अनुसूचीत आहे आणि २०१९ मध्ये साइट्सनेही (वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार) त्याला सगळ्यात कडक यादीत टाकलंय. ती पिल्लं रानातून पोत्यात भरून आणलेली असतात, निम्मी वाटेतच मेलेली असू शकतात. वास्तूसाठी, पैशासाठी, कशासाठीही घेऊ नका, विकताना दिसलं तर वनविभागाला १९२६ वर फोन करा. परदेशी जातीचं कासव आधीच घरात असेल तर त्याचीही केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते, ती करून घ्या.

परत टेबलावर येते. हे टेबल साधारण दोन वर्षं पुरेल, मग दोघींना वेगवेगळी मोठी जागा लागेल, आणि उन्हाळ्यात बागेत वरून जाळी असलेली कुंपणाची जागा, कारण इथे मॅगपाय पक्षी आणि कोल्हे एवढंसं पिल्लू सहज उचलतात. म्हणूनच पॉलिश केलेलं, काचेची दारं असलेलं दुप्पट किमतीचं मॉडेल घेऊ नका. ट्यूबचं किट, थर्मोस्टॅट, इन्फ्रारेड गन हे सगळं पुढच्या घरात तसंच उचलून नेता येतं. रिकाम्या टेबलाला ५ पैकी ३, एक मार्क बिनलेपाच्या तळाचा आणि एक झाकण न दिल्याचा कापला. स्टार्टर किटला ५ पैकी १, तो एकही फक्त त्यातला टायमर चांगला निघाला म्हणून.