‘होम स्टुडिओ कॉम्बो’चे १७,७५० रुपये

आधी हिशोब. जाहिरात बघून घरी गाणी करायचं वापरलेलं सामान मागवलं आणि ते बहुतेक खोटं निघालं, त्यात गेलेले हे पैसे. बुकिंगचे २,००० रुपये, ‘माल पॅक झाला दादा’ म्हणून १४,५०० आणि ‘ट्रान्झिट इन्शुरन्स’ म्हणून १,२५०. एकूण १७,७५०. तिन्ही वेळा यूपीआय, तिन्ही वेळा वेगळा क्यूआर, पिन टाकण्याआधी स्क्रीनवर येणारं नावही तिन्ही वेळा वेगळ्या माणसाचं. विचारलं तर उत्तर तयार : ‘एक अकाउंटंटचा आहे, एक भावाचा.’ दुकानाचा क्यूआर असेल तर बहुतेकदा दुकानाचं नाव येतं. दर वेळी वेगळ्याच माणसाचं नाव आलं की तिथेच थांबा, पुढचं काही वाचायचीही गरज नाही.

जाहिरातीचा साचा सगळ्यांना माहीत आहे : ‘स्टुडिओ बंद करतोय, सामान जवळजवळ नवीन, बिलासकट.’ दोन इनपुटचा नावाजलेल्या कंपनीचा ऑडिओ इंटरफेस (माइक संगणकाला जोडायचा डबा), ‘लार्ज डायफ्रॅम’ म्हणजे मोठ्या पडद्याचा कंडेन्सर (वीज पुरवावी लागणारा) माइक, स्टुडिओ हेडफोन, २५ कीचा मिडी कीबोर्ड (संगणकातले आवाज वाजवायची पट्टी), आणि १ टीबीच्या पेनड्राइव्हवर सॅम्पल्स (आवाजांचे तयार तुकडे) व एफएल स्टुडिओ हे गाणी बनवायचं सॉफ्टवेअर ‘लाइफटाइम’. आता कोणी म्हणेल, इतक्या स्वस्तात मिळतंय म्हटल्यावर शंका यायला नको? अहो, पाच हजारांत देतो म्हणाला असता तर कोणीही हसलं असतं. हे सगळं नवं घेतलं तर याहून बरंच जास्त जातं, आणि वापरलेल्या मालाला १७,७५० ही अगदी पटणारी किंमत आहे. मुरलेला चोर भाव पडेल तो लावत नाही, पटेल तो लावतो.

चीड येते ती व्हिडिओची. ‘वर्किंग कंडिशन’ दाखवायला त्यानं व्हॉट्सअॅपवर चाळीस सेकंदांचा व्हिडिओ पाठवला होता. टेबलावर इंटरफेस, कंडेन्सर माइकला वीज देणारं ४८ व्होल्टचं बटण दाबल्यावर लागलेला लाल दिवा, माइकवर टिचकी मारली की लॅपटॉपवर हलणारा मीटर. सगळ्यांची नजर मीटरवर जाते, कारण तो हलतो. त्याच फ्रेममध्ये, मीटरच्या वर, विंडोजनं ओळखलेल्या उपकरणाचं नाव होतं : ‘यूएसबी पीएनपी साउंड डिव्हाइस’. मोठ्या कंपनीचा इंटरफेस स्वतःच्या नावानं दिसतो. हे नाव बाजारात दोन-तीनशे रुपयांना मिळणाऱ्या प्लास्टिकच्या साउंड कार्डाचं. दोन सेकंद दिसतं, फोनच्या स्क्रीनवर तिळाएवढं दिसतं, आणि व्हिडिओ तर ‘चालू आहे का’ ते बघायलाच मागवलेला असतो. पण दिसत होतं. व्हिडिओ थांबवून, बोटांनी मोठा करून वाचता येत होतं. तेवढं नाव वाचलं असतं तर पुढचे साडेचौदा हजार तरी वाचले असते.

एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या, नाहीतर खऱ्या मालाला खोटं ठरवाल. नुसत्या साध्या नावावरून निकाल देऊ नका. बेहरिंगरचा यूएम२ हा खरा आणि स्वस्त इंटरफेसही ‘यूएसबी ऑडिओ कोडेक’ अशाच बिननावाच्या नावानं दिसतो, आणि तो १६ बिटचाच आहे (बिट जास्त तेवढं रेकॉर्डिंग बारीक). खोक्यावर जे छापलंय ते आणि संगणक जे सांगतो ते जुळतं का, एवढाच प्रश्न. डिव्हाइस मॅनेजर उघडा, उपकरणावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स, त्यात ‘हार्डवेअर आयडीज’. तिथे ‘व्हीआयडी’च्या (बनवणाऱ्या कंपनीच्या क्रमांकाच्या) पुढे चार अक्षरं असतात. फोकसराइटचा माल असेल तर १२३५. ०डी८सी म्हणजे सी-मीडिया, स्वस्त साउंड कार्डांतली नेहमीची चिप. ०८बीबी म्हणजे टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची चिप. विकणाऱ्याकडून या एका खिडकीचा फोटो मागवा, शेजारी आजची तारीख लिहिलेला कागद ठेवायला सांगा. खरा माणूस दोन मिनिटांत पाठवतो. खोटा म्हणतो, ‘लॅपटॉप आत्ता जवळ नाही.’

पार्सलमधून आलेल्या इंटरफेसच्या डब्यावर छापलं होतं २४ बिट, १९२ किलोहर्ट्झ. विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये रेकॉर्डिंगखाली यादीत एकच पर्याय : १ चॅनेल, १६ बिट, ४८,००० हर्ट्झ. इनपुट दोन, चॅनेल एक! म्हणजे दोन्ही सॉकेट आतून एकालाच जोडलेले. डायरेक्ट मॉनिटरिंगचा (आपला आवाज संगणकातून न फिरवता थेट हेडफोनवर ऐकायचा) खटका वर करा नाहीतर खाली, फरक शून्य. कंपनीचा स्वतःचा असिओ (आवाज कमी उशिरानं पोचवणारा) ड्रायव्हर चालणारच नव्हता, म्हणून असिओ४ऑल हा कुठल्याही कार्डाला चालणारा ड्रायव्हर टाकावा लागतो. १२८ सॅम्पल्सच्या बफरला (आवाज पुढे पाठवण्याआधी साठवायच्या जागेला) आवाज फुटतो, ५१२ वर नेला की थांबतो, पण ४८ किलोहर्ट्झला ५१२ म्हणजे एका बाजूनेच साडेदहा मिलिसेकंदांच्या वर उशीर. जाऊन-येऊन त्याच्या दुपटीपेक्षा जास्त. कीबोर्डवर वाजवताना हात पुढे आणि आवाज मागे.

४८ व्होल्टचा दिवा तर निव्वळ दिवा निघाला. मल्टिमीटर डीसी २०० वर ठेवा, काळी काडी एक्सएलआर (माइकच्या तीन भोकांच्या) सॉकेटच्या १ नंबरच्या भोकात, लाल आधी २ मध्ये, मग ३ मध्ये. दोन्हीकडे ४४ ते ५२च्या मध्ये आकडा यायला हवा. इथे ४.६ आला. यूएसबीतून येतात ५ व्होल्ट. त्याचे ४८ करायला आत वेगळं सर्किट लागतं, ते नव्हतंच. खालचे चार स्क्रू काढल्यावर आत काडेपेटीएवढी हिरवी पाटी, नॉबला जाणाऱ्या चार वायरी, आणि तळाला गरम गोंदानं चिकटवलेली लोखंडाची पट्टी. वजन भरायला! हातात घेतल्यावर ‘दणकट आहे’ वाटावं म्हणून. पॅकिंगवरही कमाल मेहनत. फक्त आयातदाराचं स्टिकर नव्हतं. परदेशी मालाच्या प्रत्येक खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता, कमाल किरकोळ किंमत आणि मूळ देश असायलाच लागतो. २०११च्या वैधमापन नियमांत आहे ते. खोक्याच्या सगळ्या बाजूंचे फोटो मागा, फक्त समोरचा नको.

मग व्हिडिओत माइक चालला कसा? कारण तो ४८ व्होल्टचा नव्हताच. बीएम-८०० जातीचा स्वस्त माइक ३ ते ५ व्होल्टवरही कुथत चालतो. वरची जाळी फिरवून काढली की कळतं : एवढ्या मोठ्या जाळीच्या आत मधोमध रुपयाच्या नाण्याहून लहान कॅप्सूल (आवाज पकडणारा भाग). लार्ज डायफ्रॅम म्हणजे साधारण २५ मिलिमीटर आणि पुढे. खोटा इंटरफेस आणि हा माइक एकमेकांना सांभाळून घेतात, म्हणून कॉम्बो एकत्रच विकतात. खरा कंडेन्सर त्या डब्याला लावला तर हूं की चूं नाही. (दुसरं असं की, बंदिस्त न केलेल्या खोलीत, पंखा आणि खालचा रिक्षा स्टँड यांच्या साक्षीनं गायचं असेल तर कंडेन्सर घेऊच नका. साधा डायनॅमिक माइक तोंडाजवळ धरा, तो खोली कमी ऐकतो.)

हेडफोनवर किक (ड्रमचा जाड ठोका) पोकळ, बेस मधोमध बसतच नव्हता. मिक्सची चूक समजून माणूस तासन्‌तास इक्यू (जाड-बारीक आवाज कमी-जास्त करायचे खटके) फिरवत बसेल. एका कानाची पोलॅरिटी (वायरींचं अधिक-उणे) उलटी होती. मोनो (दोन्ही कानांत सारखी) किक लावा, ती डोक्याच्या मध्यभागी न येता दोन्ही कानांबाहेर पसरली तर हेच. कप उघडून त्या एका स्पीकरच्या दोन वायरी अदलाबदल केल्या की जागेवर येतं, पण ‘स्टुडिओ हेडफोन’ला हे करायला लागावं?

कीबोर्ड तेवढा खरा होता, फक्त ‘जवळजवळ नवीन’ नव्हता. दोन की कितीही हळू दाबल्या तरी व्हेलॉसिटी (दाबायच्या जोराचा आकडा) १२७, म्हणजे कमाल. प्रत्येक कीखाली दोन संपर्क असतात आणि पहिला ते दुसरा लागायला किती वेळ गेला यावरून जोर मोजला जातो. मधे धूळ-तेलकटपणा साचला की हिशोब बिघडतो. उघडून रबरी पट्टीचे काळे ठिपके आणि खालची पाटी आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा, बहुतेकदा सुटतं. विकत घेण्याआधी मिडी-ऑक्स हे फुकट सॉफ्टवेअर लावून प्रत्येक की हळू आणि जोरात दाबून आकडे बघा, आणि नॉब न हलवता आकडे हलतात का तेही. सोबतच्या सॉफ्टवेअरचा कोड आधीच वापरलेला होता, अर्थात. वापरलेल्या मालासोबत ‘सॉफ्टवेअर फ्री’ ऐकलं की त्याची किंमत शून्य धरा.

पेनड्राइव्ह १ टीबी दाखवत होता. एचटूटेस्टडब्ल्यू हे जागा तपासायचं सॉफ्टवेअर चालवल्यावर खरी जागा ३० जीबीच्या आत. त्यापुढे कॉपी केलेल्या फायली नावाला दिसतात, उघडत नाहीत. आणि एफएल स्टुडिओच्या सेटअपसोबत एक टेक्स्ट फाइल : ‘आधी अँटीव्हायरस बंद करा.’ ही ओळ जिथे असेल तिथे ते सॉफ्टवेअर पेनड्राइव्हसकट फेकून द्या. ब्राउझरमधले पासवर्ड उचलणारे प्रकार याच दारानं येतात. चोरीचे सॅम्पल वापरून गाणं चढवलं की कॉपीराइटचा दावा येतो तो वेगळाच. आणि गरज काय? एफएल स्टुडिओची ट्रायल पूर्ण चालते, सेव्ह केलेला प्रोजेक्ट परत उघडत नाही एवढीच अडचण. रीपर हे तसंच दुसरं सॉफ्टवेअर ६० दिवस काही न कापता वापरता येतं, नंतर साधा परवाना ६० डॉलर. सिंथला (संगणकात स्वर तयार करणाऱ्या वाद्याला) व्हायटलची फुकट आवृत्ती आणि सर्ज एक्सटी, दोन्ही कायदेशीर. इलेक्ट्रॉनिक संगीताला सुरुवातीला इंटरफेस लागतच नाही! काही रेकॉर्डच करायचं नसेल तर ८ जीबी रॅमचा लॅपटॉप (१६ असेल तर उत्तम), बरे वायरचे हेडफोन आणि एक छोटा कीबोर्ड पुरतो. ट्रॅक जड झाले की फ्रीझ करा, म्हणजे तयार आवाजात बदलून ठेवा.

तक्रार केल्यावर त्या भल्या माणसाचं पहिलं उत्तर : ‘ड्रायव्हरचा प्रॉब्लेम आहे दादा, एनीडेस्क टाका, मी लावून देतो.’ एनीडेस्क म्हणजे दुरून तुमचा संगणक चालवायचं अॅप, ते अजिबात टाकू नका. ज्यानं खोटा माल पाठवला त्याला तुमच्या बँकेच्या अॅपपर्यंत रस्ता द्यायचा? नाही म्हटल्यावर नंबर ब्लॉक.

आता व्यवस्थेचं ऐका. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न : ‘पार्सल मिळालं ना तुम्हाला? मग फसवणूक कसली? क्वालिटीची तक्रार आहे ही, ग्राहक मंचात जा.’ अहो, लोखंडाची पट्टी चिकटवून दुसऱ्या कंपनीच्या नावानं डबा विकणं ही क्वालिटीची तक्रार? भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं ३१८(४) कलम मग कशासाठी आहे? मल्टिमीटरचा फोटो दाखवला तर ‘हे काय असतं?’ आणि मग ‘गाणी करायला एवढं सामान कशाला लागतं?’ हाही प्रश्न झाला. बँकेत गेलं तर : ‘पिन तुम्हीच टाकलाय, व्यवहार यशस्वी आहे.’ यशस्वी! ग्राहक आयोगाची गोष्ट अशी की ५ लाखांपर्यंत फी नाही, ई-जागृती या सरकारी पोर्टलवर घरून तक्रार करता येते, आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, दोन वर्षांची मुदत आहे. सगळं छान. फक्त विरुद्ध पक्षाचा खरा पत्ता लागतो. बिलावरच्या पत्त्यावर मोबाइल कव्हरचं दुकान. मग कारकून सांगतो, ‘पत्ता पोलिसांकडून घ्या.’ पोलीस सांगतात, ‘गुन्हा दाखल नाही, पत्ता कसा देणार?’ गुन्हा का दाखल नाही? तर ते ग्राहक मंचाचं प्रकरण आहे! हा सूर्य आणि हा जयद्रथ असं सगळं समोर असताना टेबलं मात्र एकमेकांकडे बोट दाखवत बसलेली.

म्हणून पत्ता आणि जीएसटी क्रमांक पैसे देण्याआधी तपासा, नंतर कोणी तपासून देत नाही. क्रमांक १५ अक्षरांचा असतो, महाराष्ट्राचा २७ने सुरू होतो. जीएसटी पोर्टलवर टाकला की व्यापाराचं नाव समोर येतं. या बिलावरचा १४ अक्षरी होता. हो, मोजायला कोण बसतं? आता मोजा.

पैसे गेले असं कळल्या क्षणी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन करा आणि यूपीआय व्यवहाराचा १२ अंकी यूटीआर क्रमांक हाताशी ठेवा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधीचा वेळच काय तो कामाचा. पार्सल उघडताना, सीलपासून आतल्या वस्तूपर्यंत, न थांबवता एकच व्हिडिओ काढा. ठाण्यात गुन्हा नोंदवायला नकार दिला तर तक्रार लेखी द्या, पोच घ्या, आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३(४) कलमाखाली तीच पोलीस अधीक्षकांना पोस्टानं पाठवा, तिथेही हाललं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. पोच मागितली की समोरच्याचा आवाज बराच खाली येतो, एवढा अनुभव आहे.

इंटरफेसच्या तळावरचा सिरियल क्रमांक खऱ्या कंपनीकडेही कळवला. तो क्रमांक परदेशात विकलेल्या, मालकाच्या नावावर आधीच नोंद असलेल्या युनिटचा आहे, असं त्यांचं लेखी उत्तर आलं. ते उत्तर, उघडलेल्या डब्याचे फोटो आणि तिन्ही यूटीआर अधीक्षकांकडच्या अर्जाला जोडलेत. अजून तरी तिकडून ‘चौकशी सुरू आहे’ एवढंच.