‘पाच महिन्यांची गाभण’ सांगून वांझ कालवड गळ्यात मारली

एकूण 2,18,500 रुपये. प्रशिक्षणाचे 21,000, कालवडीचे 1,72,000, गाडीभाडं 14,500 आणि ‘प्रदर्शन नोंदणी व तयारी’ या नावाखाली 11,000. एवढं मोजून आमच्या गोठ्यात जी एचएफ, म्हणजे होल्स्टीन फ्रिजियन या परदेशी दुधाळ जातीची कालवड उभी आहे ती गाभण नाही, नव्हती आणि कधी होणारही नाही. घरचे म्हणतात, गप्प बस, गावात हसं होतंय. जे व्हायचं ते झालंय. मी लिहिणार, कारण ज्या फार्मनं आधी प्रदर्शनाची गाय घडवायचं प्रशिक्षण दिलं आणि मग ही कालवड विकली, त्याच फार्मवर पुढच्या बॅचची नोंदणी चालू आहे.

आम्ही फलटण तालुक्यातले. घरी सहा संकरित गाई, दूध डेअरीला जातं. मी कृषी पदविका केली आहे आणि मला नुसत्या धारा काढायच्या नव्हत्या, प्रदर्शनात उतरवण्यासारखी गाय स्वतः घडवायची होती. लुधियाना जिल्ह्यातल्या जगरांवला पीडीएफएचा, म्हणजे तिथल्या प्रगतिशील दूध उत्पादकांच्या संघटनेचा जो मेळा भरतो, तिथल्या गाई आणि त्यांना धरून चालणारी पोरं मोबाईलवर बघून अनेकांना हे वेड लागतं. मलाही लागलं. यात लाजण्यासारखं काय आहे? आपल्याकडे बैलाला, खिलार खोंडाला नटवून प्रदर्शनात नेणारे घरोघरी आहेत. दुधाळ गाईचं तसं शिक्षण कुठं मिळतं ते सांगा. सरकारी प्रशिक्षणात कर्जाच्या योजना आणि मुरघास, त्यापुढं गाडी जात नाही. ही पोकळी ओळखूनच असली दुकानं उघडतात.

मी गेले त्या फार्मच्या प्रशिक्षणाचा बाकी साचा तुम्हाला माहीत आहे. ‘तरुणांसाठी मर्यादित जागा’, छापील टी-शर्ट, व्हॉट्सअॅप ग्रुप, शेवटी प्रमाणपत्र. पण शिकवलेलं खोटं नव्हतं, आणि फसायला झालं ते त्यामुळंच. वासरू जन्मल्यावर पहिल्या तासा-दोन तासांत चीक पोटात गेलाच पाहिजे, छातीच्या घेरावरून वजन कसं काढायचं, केस कापताना पाठीची रेषा सरळ कशी दिसेल, म्होरकी, म्हणजे तोंडाला बांधलेली दोरी, धरून जनावराचं डोकं वर ठेवत सावकाश कसं चालवायचं, परीक्षक मागून बघताना मागचे पाय कसे उभे करायचे, सगळं नीट शिकवलं. आठवड्यात माझ्या हाताखाली एक आडमुठी कालवड शांत चालायला लागली. शिकवणारे सर माझ्याकडे बोट दाखवून सगळ्यांसमोर म्हणाले, हिची नजर तयार आहे. ज्याच्याकडून एवढं शिकले त्याच्यावर संशय कसा घ्यायचा?

मग ‘स्वतःचं जनावर असल्याशिवाय प्रदर्शन नाही’ हे सुरू झालं. दाखवलेली कालवड खरोखर देखणी होती. उंच, लांब, छाती रुंद, दोन दाती. कागदावर वळूचा नंबर, आईचं एका वेताचं दूध 9,200 लिटर, गाभण पाच महिने, खाली कुठल्याशा डॉक्टरची सही. इथं एक गोष्ट नीट समजून घ्या. दुभती गाय घेताना तिथंच दोन-तीन वेळा धार काढून बघता येते. कालवडीत बघायला काहीच नसतं. तुम्ही जनावर घेत नाही, कागद घेता. म्हणून वळूचा नंबर कुणी सांगितला तर रेतनाची काडी, म्हणजे वळूचं गोठवलेलं वीर्य भरलेली बारीक नळी, दाखवा म्हणा. काडीवर वळूचा नंबर छापलेला असतो आणि चांगला गोठेवाला काड्या जपून ठेवतो.

आता तो क्षण, ज्यानं अजून झोप लागत नाही.

दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ओळखीचे डॉक्टर सोबत घेतले होते. डॉक्टरांनी हातमोजा चढवला, तेलाची बाटली काढली, कालवडीची शेपटी बाजूला धरली. तेवढ्यात सर मध्ये आले. मोठ्यानं नाही, अगदी काळजीनं म्हणाले, “ताई, पाच महिन्यांचा गाभ आहे. आता हात घालायचा आणि लगेच गाडीत चढवायची. वाटेत गाभ गेला तर मी जबाबदार नाही. तपासा खुशाल, पण तसं लिहून द्या.” डॉक्टर दादांकडे बघायला लागले, दादा माझ्याकडे. आमच्याच गल्लीत एका गाईचा गाभ गाडीच्या प्रवासानंतर गेला होता, ते सगळ्यांना आठवलं. मीच म्हणाले, राहू द्या. डॉक्टरांनी मोजा उलटा करून काढला आणि खिशात ठेवला.

तिथंच कळायला हवं होतं. जाणत्या डॉक्टरनं नीट केलेल्या तपासणीनं पाच महिन्यांचा गाभ जात नाही, आणि पाच महिन्यांचा गाभ असला तर तो हाताला लागतोच. पण मला सांगा, ज्या माणसानं वासराला बाटली कशी धरायची इथपासून शिकवलं, तो जनावराच्या जिवाची भीती घालतोय तर एकवीस वर्षांची पोरगी काय बोलणार? भीती त्यानं बरोबर जागी घातली. आम्ही जनावरावर माया करणारी माणसं आहोत हे त्याला माहीत होतं.

पैसे: 1,20,000 बँकेतून, 52,000 रोख. रोख का? तर ‘खात्यावर जास्त दिसलं की त्रास होतो’. यातले एक लाख पतसंस्थेचं कर्ज आहे आणि हप्ता चालू आहे. रोख रकमेची पावती आजतागायत मिळालेली नाही. पावतीशिवाय रुपया देऊ नका, समोरचा देव असला तरी.

प्रदर्शन आलं तेव्हा उत्तर तयार होतं: गाभ वाढलाय, आता नेऊ नका. 11,000 परत मागितले तर म्हणे नोंदणी झाली, परत मिळत नाहीत. कुठल्या प्रदर्शनाची नोंदणी, तिची पावती, काही नाही.

आठवा महिना म्हणावा तेव्हा कास भरायला लागते. हिची कास मुठीएवढी. पोट होतं, पण ते चाऱ्याचं. माज, म्हणजे वळूला लागायची वेळ आल्याची खूण, कधी दिसला नाही, आणि गाभण जनावराला माज येत नाही म्हणून आम्हीही निर्धास्त. खोटं किती हुशारीनं रचलंय बघा. ज्या गोष्टीवरून पकडलं गेलं असतं तीच गोष्ट गाभण असल्याचा पुरावा ठरली. शेवटी डॉक्टरांनी तपासलं. हात बाहेर काढून बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, गर्भपिशवी वाढलेलीच नाही, योनीमार्गही आखूड आहे, ही गोऱ्ह्याच्या जोडीला जन्मलेली जुळी दिसते. गाईला गोऱ्हा आणि कालवड जुळी झाली तर पोटात दोघांच्या रक्तवाहिन्या जोडल्या जातात आणि कालवडीचे अवयव नीट वाढत नाहीत. शंभरात नव्वदच्या वर अशा कालवडी वांझ निघतात. इंग्रजीत तिला फ्रीमार्टिन म्हणतात. वेताला लागत नाही, म्हणून अंगानं भरलेली, तुकतुकीत दिसते. ज्याच्या गोठ्यात ती जन्मली त्याला हे माहीत नसेल यावर मी विश्वास ठेवणार नाही. जुळं झालं होतं का, हे विचाराच, आणि लिहून घ्या.

यानंतरची कथा सरकारी आहे. आमच्या पोलीस ठाण्यात सांगितलं, फार्म दुसऱ्या जिल्ह्यात, तिकडं जा. तिकडं सांगितलं, पैसे तुमच्या बँकेतून गेले, तिकडं जा. परत आलो तर हा ‘दिवाणी मामला’ झाला होता. हद्द कुठलीही असो, तक्रार नोंदवून घ्यायची तरतूद नव्या फौजदारी संहितेच्या कलम 173 मध्ये आहे, हे मी मोबाईलवर दाखवलं. साहेब म्हणाले, मॅडम, तुम्ही वकील आहात का? फसवणुकीचं कलम पूर्वी 420 होतं, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेत 318 आहे. तो आकडा मला पाठ आहे, त्यांच्या नोंदवहीत मात्र अजून उतरलेला नाही. एका हवालदारानं तर दादांना विचारलं, पोरीच्या नादानं एवढे पैसे घातले? दादा खाली मान घालून बसले. त्या प्रश्नाचा राग मला सरांच्या रागापेक्षा जास्त आहे.

1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन केला. उत्तर आलं, हा नंबर ऑनलाइन फसवणुकीसाठी, तुम्ही स्वखुशीनं पैसे दिले, विषय संपला. पशुसंवर्धन खात्यात गेलो तर खासगी प्रशिक्षणावर आमचं नियंत्रण नाही. कानातल्या बिल्ल्याचा बारा अंकी नंबर तपासून द्या म्हटलं, तर आधी अर्ज करा, मग साहेब दौऱ्यावर, मग सर्व्हर बंद. राज्यात 1 जून 2024 पासून बिल्ल्याशिवाय जनावरांच्या खरेदी-विक्रीला मनाई केली, पण त्या बिल्ल्यामागं काय लिहिलंय हे शेतकऱ्याला घेण्याआधी कोण दाखवणार? अखेर नोंद मिळाली. त्या नंबरवर रेतनाची एकही नोंद नाही. सर म्हणतात, आम्ही खासगी रेतन करतो, ते सरकारी पोर्टलवर चढत नाही. आणि त्याला खोडून काढायला एकही अधिकारी तोंड उघडत नाही.

वांझ असल्याचा दाखला सरकारी दवाखान्याच्या लेटरहेडवर हवा होता. ‘असा नमुना नाही.’ मग नमुना करा ना! पंचनामा करून सही-शिक्का द्यायला काय लागतं?

आता ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. ती आपल्या राहत्या जिल्ह्यात करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. समोरून ‘धंद्यासाठी घेतलं, म्हणजे ग्राहक नाही’ असं येणार. पोट भरण्यासाठी स्वयंरोजगार म्हणून घेतलं हे तक्रारीत पहिल्याच पानावर लिहा. चॅट खोडू नका. कालवड बघतानाचा व्हिडिओ काढा, त्यात विक्रेत्याच्या तोंडून गाभ किती महिन्यांचा ते वदवून घ्या. आणि डॉक्टर तुमचा, तपासणी गाडीत चढवायच्या आधी.

एक व्यापारी येऊन गेला. 35,000 द्यायला तयार होता. वांझ आहे सांगितलं तरी म्हणाला, ते मी बघतो पुढं. पुढं म्हणजे काय ते न कळण्याएवढी मी लहान नाही. दिली नाही.

त्या फार्मच्या जाहिरातीत अजून माझा फोटो फिरतोय, काढा म्हणून कितीदा कळवलं तरी. निळा टी-शर्ट, हातात म्होरकी, शेजारी काळी-पांढरी उंच कालवड, खाली ‘आमच्या विद्यार्थिनीची गाभण कालवड, यशस्वी उद्योजिका’. तो बघून कुणी पैसे भरायच्या विचारात असेल तर त्या फोटोतली मुलगी मी आहे, आणि ती कालवड एक दिवसही गाभण नव्हती.